वस्तू आणि मूर्च्छा

दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याचा दिवस आला, की परिग्रहावर प्रवचन होतं. घरची भरलेली कपाटं आठवून आम्ही बायका एकमेकींकडे बघून हसतो. मला मात्र त्या दिवशी हटकून टायटॅनिक आठवते.

१५ एप्रिल १९१२ ला ती बुडाली. सुमारे दीड हजार माणसं गेली. १९८५ मध्ये रॉबर्ट बॅलार्ड आणि ज्याँ-लुई मिशेल यांना ती पावणेचार किलोमीटर खोल सापडली. तिथल्या वस्तू काढायला बॅलार्ड यांचा विरोध होता. तरी १९८७ पासून बशा, दागिने, पत्रं, नोटा अशा साडेपाच हजारांच्या आसपास वस्तू वर आल्या.

एवढ्या पाण्यात कागद टिकला तो चामड्याच्या बॅगांमुळे. कमावलेल्या चामड्यातल्या टॅनिनने जिवाणूंना दूर ठेवलं. मँचेस्टरच्या अडॉल्फ सालफेल्ड यांच्या अत्तराच्या कुप्याही चामडी पेटीत २००० मध्ये मिळाल्या. वास अजून होता! वर आलेली वस्तू लगेच वाळवत नाहीत. आतल्या मिठाचे खडे होऊन ती तडकते. खारातली कैरी आपण पाण्यात ठेवून तिचा खार उतरवतो, तसं पाणी बदलत बदलत कित्येक महिने मीठ काढावं लागतं.

हे सांभाळणंही परिग्रहच का? तत्त्वार्थसूत्र मूर्च्छेला, म्हणजे आसक्तीला, परिग्रह म्हणतं. जहाजावरच्या वाद्यवृंदाचा प्रमुख वॅलेस हार्टली बुडाला. वाग्दत्त वधू मारिया रॉबिन्सनने दिलेलं त्याचं व्हायोलिन तिच्याकडे परत आलं. तिने लग्न केलं नाही. १९३९ मध्ये जाईपर्यंत ते जपलं. तिचा मोह होताच, मी नाकारत नाही. पण त्या मोहात माणूस होता. २०१३ मध्ये त्याच व्हायोलिनवर लिलावात नऊ लाख पौंडांची बोली लागली, तेव्हा उरली होती ती नुसती वस्तू.

समुद्रातून काढलेल्या वस्तूंबाबत अमेरिकेतल्या न्यायालयाने मात्र अट घातली, की संग्रह एकत्र राहावा, सुटा सुटा विकू नये. मला ती अट फार आवडली. मालक नव्हे, राखणदार व्हा, असंच ती सांगते. वर आलेलं जिवापाड जपावं, येणाऱ्या पिढ्यांना दाखवावं. पण खाली उरलंय ते गेलेल्यांचं. आणखी एक कुपी वर आली नाही, तर आपलं काय अडतं?