बोअरचा आवाज

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि चारकोपला राहतो. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा पालक सभेला न चुकता येत. पण काही विचारले की गप्प. मुलाच्या तालिमीची यांना पर्वा नाही, असे समजून एकदा आम्ही आवाज चढवला. मुलगा हळूच म्हणाला, "सर, अब्बांना ऐकू येत नाही. बोअरच्या मशीनवर असतात ना!"

आमची मान शरमेने खाली गेली.

त्या रविवारी खाडीकडच्या मोकळ्या जागेत गेलो. माती आणि भूजलाचे नमुने काढण्यासाठी बोअर मारणे चालू होते. शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावे लागत होते. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. पण उघड्या मैदानात मोजणार कोण? अब्बांच्या कानात कापूस, गळ्यात गमछा, पायात स्लिपर. फिरत्या रॉडमध्ये गमछ्याचे टोक अडकले तर माणूसच ओढला जातो. वर विजेच्या तारा, खाली केबल आणि गॅसची पाइपलाइन. खडकात पाणी न सोडता ड्रिल चालवले, तर धूळ थेट फुफ्फुसात.

जवळच्या गोराईचा कचरा डेपो 2007 साली बंद झाला. कचऱ्यातला मिथेन काढण्यासाठी तिथेही जमिनीत विहिरी घेतल्या गेल्या. अशा जागी एक बिडीसुद्धा जिवावर बेतू शकते. सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तर जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून धोका टळला असे वाटते.

2006 साली हरियाणात एक मुलगा बोअरवेलमध्ये पडला, तेव्हा साऱ्या देशाने दुआ मागितली. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने कुंपण, फलक, झाकण सक्तीचे केले. ते हवेच होते. पण बोअर मारणाऱ्यासाठी दुआ कोण मागतो?

साइटवरचा सूचनाफलक इंग्रजीत होता. आम्ही त्यातल्या सूचना उर्दू आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून अब्बांना दिल्या. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचले. गमछ्याच्या ओळीवर बोट थांबले. गळ्यातला गमछा काढून त्यांनी खिशात कोंबला आणि मशीनजवळच्या दोन तरुण पोरांकडे पाहत मोठ्याने म्हणाले, "आमचे कान तर गेले, सर. यांचे तरी वाचू द्या."