तळघरातले बारा प्रेक्षक

ऑगस्ट लागला की एडिंबरोचा माणूस दोनपैकी एक काम करतो. घर महिनाभर भाड्याने देऊन गावाबाहेर पळतो, नाहीतर घरातच राहून कुरकुरतो. मी चौदा वर्षं कुरकुरणाऱ्यांत आहे. रॉयल माइलवर पाऊल टाकलं की चारी बाजूंनी हातात पत्रकं कोंबली जातात, नेहमीची बस मुंगीच्या पावलांनी सरकते, आणि कॉफीच्या रांगेत आपल्यापुढे उभ्या असलेल्या माणसाने अंगभर चंदेरी रंग फासलेला असतो. यंदा मात्र टेस्टरचा निरोप आला आणि कुरकुरायला वेळच उरला नाही.

टेस्टर म्हणजे आमच्या जुन्या सॉफ्टवेअर टीममधला. सहा वर्षांपूर्वी आमचं अख्खं खातं एका सकाळी कपातीत गेलं. मागे उरला तो फक्त व्हॉट्सॲपचा ग्रुप, त्याला अजूनही त्या मेलेल्या प्रोजेक्टचंच नाव आहे. कुणाचा वाढदिवस आला की तो तेवढ्यापुरता जागा होतो. तिथे टेस्टरने लिहिलं, ‘माझा प्रयोग आहे. काउगेट, तळघर, दुपारी सव्वा. फुकट आहे.’ हा माणूस ऑफिसात दिवसाला तीन वाक्यं बोलायचा. त्यातलं एक ठरलेलं, ‘कदाचित काही नसेलही’. तो असं म्हणाला की त्या आठवड्याची रिलीज पुढे गेलीच म्हणून समजायचं. तो विनोद सांगणार? माणसांपुढे? साधी मीटिंग ठरवायला ज्यांना पंधरवडा लागायचा, त्या आम्हा सगळ्यांची तारीख तासाभरात ठरली. बॉसबाई ग्लासगोहून येणार, टीममधली चेन्नईची मुलगी लीड्सहून, आणि डेटाबेसवाला थेट पोलंडहून विमानाने. मी बसने.

ऑगस्टातल्या या फ्रिंज महोत्सवाची गोष्ट इथे मला प्रत्येकाने एकदा तरी ऐकवली आहे. महायुद्ध संपल्यावर 1947 मध्ये इथे मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. त्यात आठ नाटकमंडळ्या बिनबोलावता येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत आपापले प्रयोग करून मोकळ्या झाल्या. पुढच्याच वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने त्यांना महोत्सवाच्या कडेचे, ‘फ्रिंज’वरचे, म्हटलं. आज कडेची झालर मूळ कापडापेक्षा मोठी झाली आहे. तीन हजारांवर प्रयोग असतात, आणि त्यांतला एकही फ्रिंजची संस्था निवडत नाही. जागा मिळव, नाव नोंदव, कर. पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीतच ज्याची एकांकिका गारद झाली, त्या माझ्यासारख्या पुणेकराला हे पचायला जड जातं. परीक्षक नाहीत? मग नाटक पडलं हे तुम्हाला सांगतं कोण? उत्तर सोपं आहे, रिकाम्या खुर्च्या सांगतात. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ करून घसा बसवायला निदान आपल्या कॉलेजची पोरं तरी असायची. इथे अनोळखी गावात, दुपारी सव्वा वाजता, तुम्ही आणि तुमचं नशीब.

काउगेट हा या शहराचा तळमजला. वर साउथ ब्रिजवरून बसगाड्या जातात, पण आपण पुलावर आहोत हे बहुतेकांना कळतही नाही. त्याच्या एकोणीस कमानींपैकी उघडी दिसते ती फक्त काउगेटवरची, बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींनी गिळल्या. त्या भागातली दमट तळघरं आणि भुयारं ऑगस्टात नाट्यगृहं होतात. ‘फ्लीबॅग’ हे पुढे गाजलेलं नाटक 2013 मध्ये काउगेटवरच्याच एका तळघरातून निघालं, आणि तेव्हापासून प्रत्येक तळघराला आपल्या पोटी काहीतरी जन्माला येणार असं वाटतं. आमच्या तळघराला मात्र भिंतीची ओल आणि बिअरचा वास एवढंच होतं. प्रेक्षक बारा. त्यांत आम्ही चार, आणि दोघं जण बाहेरच्या पावसाला कंटाळून आत आलेले.

तो आला, माइक नीट केला, आणि वीस मिनिटं आमच्या कपातीवर बोलला. त्या दिवशी मिळालेल्या पत्रात त्याला स्पेलिंगची चूक सापडली होती, आणि त्याने सवयीने ती बगांच्या यादीत रीतसर नोंदवली होती. पत्रं वाटणारी व्यक्ती ‘तुमच्या भावना आम्ही समजू शकतो’ हे वाक्य कागदावर बघून वाचत होती, हेही त्याने सांगितलं. मी तिरक्या नजरेने शेजारी पाहिलं. ती व्यक्ती माझ्या बाजूच्या खुर्चीवर होती. बॉसबाईंनी ते वाक्य त्या सकाळी सहा वेळा वाचलं होतं आणि पंधरा दिवसांनी त्यांनाही कुणीतरी तेच वाचून दाखवलं होतं. पहिल्यांदा त्या हसल्या नाहीत. हातातला ग्लास जमिनीवर ठेवला. मग टेस्टर माइकवर हळूच म्हणाला, ‘कदाचित काही नसेलही’, आणि बाई अशा फुटल्या की पावसातून आलेली ती दोघंही दचकली. तीन वर्षं शेजारी बसूनही मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. ऑफिसात आम्ही एकमेकांचं काम तपासलं, पण एकमेकांचे प्रेक्षक कधी झालो नव्हतो.

फुकट प्रयोगाची रीत अशी की जाताना दाराशी बादलीत खुशीने पैसे टाकायचे. पीटर बकली हिल नावाच्या विनोदवीराने 1996 पासून ही पद्धत इथे रुजवली. टेस्टर एका हातात कार्डाचं यंत्र घेऊन दाराशी उभा होता. दुसऱ्या हातात बादली नव्हती, स्टीलचा डबा होता. पोचे आलेला, आणि बाजूला टाचणीच्या टोकासारख्या ठिपक्यांनी काढलेली देवनागरी अक्षरं, ‘मुंजीप्रीत्यर्थ, आत्याकडून’.

हा माझा डबा! दिवाळीचा चिवडा मी त्यातून ऑफिसात न्यायचो. शेवटच्या संध्याकाळी घासून सिंकपाशी पालथा घातला होता, आणि दुसऱ्या सकाळी आमची कार्डंच चालेनात. मी त्यात दहा पाउंडांची नोट टाकली. माझ्याच मुंजीच्या डब्यात मीच दक्षिणा घालत होतो.

त्यानंतर आम्ही एक दुसराही प्रयोग पाहिला. त्याबद्दल एवढंच की प्रेक्षकांत आम्ही पाच होतो आणि परके चौघे, म्हणून उठून जाता आलं नाही.

संध्याकाळी चिप्सच्या दुकानात जुनं भांडण पुन्हा पेटलं. एडिंबरोत चिप्सवर मीठ आणि पातळ तपकिरी सॉस, ग्लासगोत मीठ आणि व्हिनेगर. बॉसबाईंनी सॉसची बाटली अशी दूर सारली, जणू आम्ही चुकीचा कोड पुढे केला होता. डेटाबेसवाल्याने दोन्ही घातलं आणि दोघांचाही राग ओढवून घेतला. समुद्राकडून धुकं चढायला लागलं. इथले लोक त्याला ‘हार’ म्हणतात. नवा होतो तेव्हा रेडिओवर ‘किनाऱ्यावर हार’ ऐकून मी इंग्लंडची कुठली मॅच होती ते शोधत बसलो होतो.

टेस्टरने डबा टेबलावर उपडा केला. नाण्यांच्या चवडी रचत चेन्नईचीने हिशोब केला, एकतीस पाउंड आणि एक कोटाचं बटण. मग रिकामा डबा त्याने माझ्याकडे सरकवला.

“महोत्सव संपेपर्यंत ठेव तुझ्याकडे,” मी म्हणालो.

तो थोडा वेळ डब्याकडे बघत राहिला. “याला झाकण होतं ना?”

“आहे. घरी. सहा वर्षं त्यावर लसूण सोलतोय.”