करवंदाची जाळी

आमच्या मुरबाड-शहापूरकडे भाताच्या खाचरांच्या वर जो डोंगरउताराचा तुकडा असतो, त्याला वरकस म्हणतात. तिथं नाचणी, वरी पिकायची, नाहीतर नुसतं गवत. माझ्या वरकसावर करवंदीच्या मोठाल्या जाळ्या होत्या. मी दहावी शिकलेला, मला ती अडगळ वाटायची. एका उन्हाळ्यात सगळ्या मुळासकट खणून काढल्या आणि राबावर जाळल्या. आई बांधावर उभी होती. एवढंच बोलली, "जाळी तोडलीस, आता माती कोण धरील रं?"

त्याच पावसाळ्यात कळलं. वरची लाल माती खाली आली, लावलेल्या भातावर मुरूम पसरला. दोन पावसाळ्यांत वर दगड उघडे पडले.

मग पुन्हा करवंदीच लावायची ठरवली. वैशाखात पिकलेल्या करवंदांच्या बिया धुतल्या, वाळवल्या, डब्यात ठेवल्या. पुढच्या वर्षी पेरल्या, तर एकही बी उगवलं नाही. आई हसली. "पाखरू काय डब्यात ठेवतं का बी?" करवंदाचं बी ताजंच पेरावं लागतं, जुनं झालं की मरतं. पुढच्या खेपेला करवंदं कुस्करली आणि दोन दिवसांत बिया पिशव्यांत टोचल्या. रोपं आली. वर्षभर घरामागे सांभाळली आणि पावसाच्या तोंडावर उताराला आडव्या ओळींत लावली. शेळ्यांसाठी भोवती बोरीच्या काट्या टाकल्या.

करवंद फार सावकाश वाढतं. तीन वर्षं लोक विचारायचे, "काय लावलंय तिथं?" त्यात एकदा वणवा आला, सगळं काळं झालं. मी आशा सोडली होती. पावसात बघतो तर जळक्या बुडख्यांतून कोंब फुटलेले.

पुढं जाळी दाटली. पाचोळा अडला, पाचोळ्यापाठी माती अडली. ससा राहायला आला, तितराची हाक ऐकू येऊ लागली. बुलबुल करवंदं खाऊन आणखी कुठं कुठं बिया टाकू लागले. दोन जाळ्यांत तोरणाचं झुडूप आलं, ते मी लावलेलं नाही. एका जाळीच्या पोटात ऐनाचं रोप उभं राहिलं. वाऱ्यावर आलेलं बी काट्यांत अडकलं असणार. शेळीचं तोंड तिथं पोचत नाही, म्हणून ते वाचलं. आज ते माझ्या डोक्याच्या वर गेलंय.

उन्हाळ्यात कातकरी बाया करवंदं काढायला येतात. पानांच्या दोण्यांत भरून मुरबाडच्या स्टँडवर, आसनगाव स्टेशनावर विकतात. मी त्यांना अडवत नाही. फांदी मोडू नका आणि शेंड्याची पाखरांना ठेवा, एवढंच सांगतो. त्या म्हणतात, "ते आमाला सांगाया लागत नाय, बाबा."

आई आता नाही. खालच्या खाचरात मुरूम येत नाही, हे मात्र तिनं पाहिलं.

परवा नात जाळीपाशी करवंद हातात धरून म्हणाली, "आजोबा, कोंबडा की कोंबडी?" मी म्हटलं, कोंबडी. तिनं दातानं फोडलं, आत लालभडक. कोंबडा! मी हरलो. तिनं करवंद खाल्लं आणि बिया तिथंच थुंकल्या.