मागच्या दारातून आत आलेल्यांची कादंबरी : ऑक्टेव्हिया बटलर यांना पत्र

ऑक्टेव्हियाबाई,


जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसजवळचं अल्टाडीना आगीत होरपळलं, तेव्हा अनेकांनी तुमची 'पॅरेबल ऑफ द सोअर' पुन्हा उघडली. 1993 साली छापलेली ती कादंबरी 2024 मध्ये सुरू होते आणि तिच्या नायिकेच्या रोजनिशीत 1 फेब्रुवारी 2025 या तारखेला आगीची नोंद आहे. 'पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स' या पुढच्या भागात तर अमेरिकेला पुन्हा थोर करण्याची घोषणा देणारा राष्ट्राध्यक्षही येतो. तुम्हाला भविष्य दिसत होतं, असं आता सर्रास लिहिलं जातं. तुम्ही स्वतः हे कधी मान्य केलं नाहीत. बातम्या वाचायच्या आणि आज दुर्लक्ष केलेले प्रश्न तीस वर्षांनी कुठवर जातील याचा विचार करायचा, एवढंच आपण केलं, असं तुमचं म्हणणं होतं. या भविष्याच्या कौतुकात तुमचं सर्वांत मोठं काम झाकोळलं जातंय, असं मला मनापासून वाटतं. ते काम म्हणजे 1979 ची तुमची गुलामगिरीवरची कादंबरी, 'किंड्रेड'.

तुमचा जन्म 22 जून 1947 चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचा. वडील बूटपॉलिश करायचे. ते तुमच्या लहानपणीच गेले. आईंचं नावही ऑक्टेव्हिया. गोऱ्यांच्या घरची झाडलोट, साफसफाई करून त्यांनी तुम्हाला वाढवलं. कामाला जाताना त्यांना मागच्या दारातून आत जावं लागे. कधीकधी तुम्हीही बरोबर असायचात. घरातली माणसं तुमच्या आईंच्या देखत त्यांच्याविषयी अशी बोलत, जणू त्या तिथे नाहीतच. आई ऐकून घेत. त्यांनी उलट बोलावं, काम सोडून निघून यावं, असं तुम्हाला वाटायचं. त्यांच्या गप्प राहण्याची तुम्हाला लाज वाटायची. त्याच घरांनी टाकून दिलेली पुस्तकं आई तुमच्यासाठी घरी आणत. त्यांची स्वतःची शाळा फार लवकर सुटली होती.

पुढे कॉलेजात काळ्या समाजाच्या चळवळीतला एक तरुण तुम्हाला भेटला. ज्या म्हाताऱ्यांनी आपल्याला इतकी वर्षं मागे खेचलं त्यांना मारून टाकावंसं वाटतं, पण सुरुवात स्वतःच्या आईबापांपासून करावी लागेल, असं काहीसं तो बोलला. इतिहास त्याला तुमच्याहून जास्त ठाऊक होता, हे तुम्ही मान्य केलंत. पण गुलामगिरीच्या काळात जगून बाहेर पडायला काय लागलं असेल, हे त्याला आतून जाणवलेलं नव्हतं. एकेकाळी तुम्हालाही आईंविषयी तेच वाटलं होतं. 'किंड्रेड'चं बीज त्या वाक्यात आहे.

म्हणून तुम्ही 'किंड्रेड'च्या नायिकेला, डेनाला, मागे त्या काळात पाठवलंत. 1976 सालच्या लॉस एंजेलिस परिसरातली सव्वीस वर्षांची काळी लेखिका, गोऱ्या नवऱ्याबरोबर नव्या घरात सामान लावत असताना, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. तिला बोलावतो तो रूफस, मळेवाल्याचा गोरा पोरगा. तो मरायला टेकला की ती तिथे पोचते. तिचा स्वतःचा जीव जायची वेळ आली की परत येते. हा रूफस तिचा पूर्वज आहे. तिच्या घराण्याची मूळ मुलगी जन्माला येईपर्यंत त्याला जिवंत ठेवणं तिला भाग आहे, आणि ती मुलगी जन्मणार आहे त्याच्या बळजबरीतून. काळप्रवासाच्या कितीतरी कथा आहेत. वाचकाला इतक्या कठीण पेचात अडकवणारी दुसरी मी वाचलेली नाही. हा काळप्रवास कसा घडतो, हे तुम्ही एका ओळीनंही सांगत नाही. त्याची गरजही भासत नाही.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती सारा, मळ्यावरची स्वयंपाकीण. मालकानं तिची मुलं विकली आहेत. उरली आहे एकच मुलगी, तीही मुकी. सारा पळून जात नाही, बंड करत नाही, चुलीपाशी राबत राहते. डेना आधी तिला कमी लेखते, ही मालकाच्या मर्जीत राहणारी बाई, असं मनात म्हणते. मग हळूहळू तिला कळतं की त्या गप्प बसण्याखाली केवढा संताप दाबलेला आहे, आणि एक उरलेली मुलगी हातची जाऊ नये म्हणून ही बाई रोज किती किंमत मोजते. पुढे डेना स्वतः चाबूक खाते आणि मान खाली घालायला किती थोडा वेळ लागतो हे तिला उमगतं. मागच्या दारातून आत जाणाऱ्या आईंना याहून मोठा न्याय कुठली लेक देऊ शकली असती?

ही कादंबरी लिहायला पैसे नव्हते. 'सर्व्हायव्हर' ही तुमची कादंबरी पुरेशी तयार नसताना तुम्ही प्रकाशकाला देऊन टाकलीत, मिळालेल्या पैशांत बसनं अमेरिका ओलांडून मेरीलँड गाठलंत, तिथे ग्रंथालयांत बसून गुलामांच्या आठवणी वाचल्यात. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननला गेलात, तर तिथले मार्गदर्शक गुलामांना नोकर म्हणत होते. 'सर्व्हायव्हर' तुम्ही पुन्हा कधी छापू दिली नाहीत. जे वाचलंत ते सगळं लिहिलं तर कोणी वाचणार नाही, म्हणून 'किंड्रेड'मध्ये बरंच सौम्य केलंत. तरीही हस्तलिखित कितीतरी प्रकाशकांकडून साभार परत आलं. ते कुठल्या खणात बसवायचं हे त्यांना कळेना.

तुमच्या त्या वर्षांविषयी वाचताना जीव गलबलतो. भांडी घासणं, फोनवरून माल विकणं, बटाट्याच्या चिप्स निवडणं, आणि या सगळ्याआधी पहाटे दोनला उठून लिहिणं. 1970 च्या क्लॅरियन या विज्ञानकथालेखनाच्या कार्यशाळेत दोन कथा विकल्या गेल्या, आणि त्यानंतरची पाच वर्षं एक शब्द विकला गेला नाही. 'पॅटर्नमास्टर' ही पहिली कादंबरी आली 1976 मध्ये. प्रेरणेची वाट पाहू नका, सवय लावून घ्या, असं तुम्ही होतकरू लेखकांना सांगायचात. तुम्हाला तो अधिकार होता.

मान नंतर आले, आणि भरभरून आले. 'स्पीच साउंड्स' या कथेला 1984 चा ह्यूगो पुरस्कार, 'ब्लडचाइल्ड'ला नेब्युला आणि ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार, 1995 मध्ये मॅकआर्थर शिष्यवृत्ती, जी त्याआधी एकाही विज्ञानकथालेखकाला मिळाली नव्हती. 'पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स'ला नेब्युला. आपली पुस्तकं सर्वाधिक खपाच्या यादीत जातील, असं 1988 मध्ये तुम्ही वहीत स्वतःलाच बजावलं होतंत. 24 फेब्रुवारी 2006 ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तुम्ही गेलात. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या यादीत तुमचं पुस्तक पोचलं ते सप्टेंबर 2020 मध्ये. पुढच्या वर्षी नासाचं पर्सिव्हरन्स मंगळावर जिथे उतरलं त्या जागेला तुमचं नाव दिलं गेलं. या सगळ्याचा आनंद आहे, तसाच त्याला लागलेल्या उशिराचा रागही आहे.

डेना शेवटची परत येते ती 4 जुलै 1976 ला. देश स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी करतोय आणि तिचा डावा हात भूतकाळात राहून गेलाय. तिला अख्खी परत आणणं आपल्याला पटेना, असं तुम्ही सांगितलं होतंत. अमेरिकेच्या इतिहासाविषयी इतकं खरं वाक्य मी दुसऱ्या कुठल्या लेखकाकडून ऐकलेलं नाही.

तुमची ओळख ज्यांना मंगळावरच्या नावामुळे किंवा आगीच्या त्या तारखेमुळे झाली, त्यांना माझी हात जोडून एकच विनंती आहे. आधी 'किंड्रेड' वाचा. साराच्या स्वयंपाकघरातली पानं घाईनं उलटू नका.

तुमची,
एक मराठी वाचक