पंजाबरावांच्या नावाच्या दोन योजना



काल रात्री उसाला दारं धरायला गेलो होतो. कॅनॉलचं उन्हाळी आवर्तन सुरू आहे. आमच्या शेळगावापर्यंत पाणी यायला वेळ लागतो, आणि एकदा आलं की रात्र बघायची नाही. बांधावर बसलो होतो तर शेजारच्या रानातला गडी बॅटरी घेऊन आला. त्याच्या पोरानं सीईटी दिलीय.

म्हणाला, "तात्या, फी अर्धी माफ होती म्हणत्यात. पण पुण्यात राहायचं-खायचं काय? त्यालाच फीइतकं लागतंय."

मी विचारलं, "पंजाबराव देशमुख योजना माहितीय का?"

"माहितीय की. सोसायटीचं बिनव्याजी."

मी म्हणलं, ती एक झाली. त्याच नावाची दुसरी पण आहे, आणि ती तुझ्या पोरासाठी आहे. त्याला काय ते ठाऊकच नव्हतं. म्हणून आज लिहायला बसलोय.

पंजाबराव देशमुख विदर्भातले, १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांच्या नावानं पीक कर्जाची व्याज सवलत आहे. ३ लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत भरलं की व्याज शून्य. ही आपल्याला तोंडपाठ. दुसरी आहे डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. व्यावसायिक कोर्सला शिकणाऱ्या आणि घरापासून लांब राहणाऱ्या पोराला खोली-मेससाठी पैसे. आणि त्यात २०२१ साली अल्पभूधारकाच्या पोराला वेगळा, जादा दर होता. म्हणजे आपल्यालाच.

हे मला कळलं, पण उशिरा. ते सांगतो.

मी स्वतः दहावी पास. मार्क बरे होते. आमच्या वेळी शाळेत ईबीसीची फी माफी होती, म्हणजे फीसाठी माझं शिक्षण थांबलं नाही. पुढं शिकायचं तर बाहेर राहायचं, आणि मेसचे पैसे घरात नव्हते. वडील म्हणाले, "फी सरकार देईल, भाकरी कोण देणार?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून रानात.

शाहू महाराजांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. कोल्हापुरात १९०१ सालापासून त्यांनी बोर्डिंगं काढली. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं १९१७ साली, त्याच्या कितीतरी आधी. खेड्यातलं पोरगं शाळेच्या गावात टिकलं पाहिजे, तर आधी त्याला झोपायला जागा आणि पोटाला अन्न पाहिजे. कर्मवीर अण्णांनी बी साताऱ्यात बोर्डिंगच चालवलं. आज फी माफीच्या योजनेला शाहू महाराजांचं नाव आहे आणि राहण्याच्या योजनेला पंजाबरावांचं. दोन्ही फॉर्म महाडीबीटीवर. आपण ठिबकचा अर्ज करतो तेच पोर्टल, पोरांचं लॉगिन वेगळं.

२०२१ साली मोठ्या मुलाला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शाहू महाराज योजनेत निम्मी फी माफ. निर्वाह भत्त्याचा फॉर्म पण भरला. तेव्हा पुण्यासारख्या महानगरात अल्पभूधारकाच्या मुलाला वर्षाला ३० हजार होते, इतर ठिकाणी २० हजार. फॉर्म परत आला. अल्पभूधारक दाखला जोडा.

दाखला काढायला गेलो तर अडचण आठ-अ वर. अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरपर्यंत, आपल्या भाषेत ५ एकर. माझ्या वाट्याला ४ एकर. पण खातं सामाईक, तीन भावांचं मिळून १२ एकर. वडील गेल्यावर आम्ही वहिवाट वेगळी केली, कागद तसाच ठेवला. रानात मी ४ एकरवाला, कागदावर १२ एकरचा बागायतदार.

थोरल्या भावाला, दादांना, म्हणलं वाटप करून घेऊ. तहसीलदाराकडं कलम ८५ खाली सगळ्यांच्या संमतीनं वाटप होतं. दादा गप्पच बसले. मग म्हणाले, "आबांनी लावलेलं खातं आहे. गाव म्हणंल, घर फुटलं." मी पुढं बोललो नाही. एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. खोलीभाडं आणि मेस भागवायला गोठ्यातली एक कालवड विकली, वर सोसायटीचं नवं-जुनं करताना हातात राहायचे त्यातले थोडे वळवले.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला दादा डोळे दाखवायला पुण्याला गेले. मुक्काम पोराच्या खोलीवर. संध्याकाळी परत आले ते काही बोलले नाहीत. रात्री जेवताना वहिनींना म्हणाले, "पोरगं एक डबा दोन येळा खातंय. सकाळी निम्मा, रातच्याला निम्मा." आणि माझ्याकडं बघून, "इंदापूरला कधी जायचं?"

अर्ज, सह्या, जबाब, फेरफार, यात पाच महिने गेले. आठ-अ वेगळा झाला. विहीर सामाईकच ठेवली, पाण्याच्या पाळ्या होत्या तशाच आहेत. घर काही फुटलं नाही. तिसऱ्या वर्षापासून भत्ता मिळाला. पण आधीचे दोन वर्षांचे ६० हजार गेले ते गेले. आणि अर्धा डबा खाऊन काढलेली दोन वर्षं कुणी भरून देत नाही.

धाकट्या मुलीच्या वेळी शहाणा झालो होतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. तरी प्रवेशाच्या खिडकीवर "आधी भरा, मग परत मिळतील" असं ऐकावं लागलं. मी शासन निर्णयाची प्रिंट घेऊनच गेलो होतो. ती पुढं ठेवली, मग हमीपत्रावर काम झालं. ज्याच्याकडं प्रिंट नसती त्यानं बायकोचं गंठण गहाण ठेवलं असतं.

आता कामाचं.

प्रवेश कॅप राऊंडमधूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्याला फी सवलत नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठंही यात नाहीत. लाभ घरातल्या दोन अपत्यांपुरता.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, अल्पभूधारक दाखला मे महिन्यातच काढा. निकालानंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. मुलीचे पैसे शाळेत उघडलेल्या जुन्या खात्यात गेले, आम्ही दोन महिने दुसरंच पासबुक भरून बघत होतो.

खोलीचा भाडेकरार करून ठेवा. सरकारी वसतिगृहात राहणाऱ्याला भत्ता नाही. दर मधे बदललेत, चालू वर्षाचा आकडा पोर्टलवर बघा. पंजाबराव योजना खुला, ईडब्ल्यूएस, एसईबीसी यांना. ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार, अनुसूचित जातीला स्वाधार, आदिवासी पोरांना स्वयम, अशा वेगळ्या योजना आहेत.

शैक्षणिक कर्ज शेवटी बघा. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत ८ लाखांच्या आतल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ठरावीक संस्थांनाच. पीक कर्जासारखं हे मार्चला नवं-जुनं होत नाही. हप्ता कोर्सनंतर सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आज घरी गेल्यावर आठ-अ काढून बघा. खातं सामाईक असेल तर पोरगं दहावीत आहे तोवरच भावांशी बोला. वाटप म्हणजे भांडण नव्हे. पाणी यायच्या आधी चारी साफ करतो, तसंच आहे हे.

काल रात्री त्या गड्याला हेच विचारलं. त्याचंही खातं सामाईकच निघालं, चार भावांचं. बॅटरी बंद करून बराच वेळ बांधावर बसला होता. आज सकाळी तो थोरल्या भावाच्या दारात गेलेला दिसला.

उसाचं पाणी निम्मं झालंय, राहिलेलं आज रात्री.