धुऱ्यावरची पऱ्हाटी

अमरावतीजवळच्या वलगावचं वावर देशाच्या हिशेबात कसं जातं? पेरा गुणिले उतारा गुणिले भाव. त्यातून बियाणं, खत, फवारणी, डिझेल वजा. मजुरी मात्र वजा होत नाही. ते कुणाचं तरी उत्पन्नच. म्हणून निंदणाचा रोज वाढला की शेतकऱ्याचा खिसा हलका होतो, जिल्ह्याचं उत्पन्न जागचं हलत नाही.

पेरा ई-पीक पाहणीतून मिळतो, भाव बाजार समितीत. खरी गोम उताऱ्यात.

पूर्वी उतारा नजरेनं ठरे. सोळा आणे पीक म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. 1940 च्या दशकात पानसे आणि कळमकर या संख्याशास्त्रज्ञांनी अकोला जिल्ह्यात कापसाची नमुना पाहणी केली: चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वावर निवडायचं, त्यात तुकडा आखायचा, निघेल ते तोलायचं. हाच कापणी प्रयोग. कापूस त्यातही खट्याळ. सोयाबीन एकदा कापलं की सुटलो. पऱ्हाटीच्या त्याच तुकड्यात दर वेचणीला पुन्हा जावं लागतं.

तुकडा केवढा, यावर संख्याशास्त्रज्ञांत दोन तट: महालनोबिस एकीकडे, सुखात्मे-पानसे दुसरीकडे. महालनोबिसांना छोटे तुकडे पसंत: स्वस्त, झटपट, पुष्कळ. पण तुकडा लहान तितकी त्याच्या मानानं कड जास्त, आणि कडेवरचं झाड मोजणारा हटकून आत ओढतो. उतारा फुगतो. माझं मत सुखात्म्यांच्या बाजूनं. 1949 च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष मात्र महालनोबिस. सोबत धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव.

या हिशेबात काय बसत नाही, तेही इथेच दिसतं. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 ला देह ठेवला तो इथेच, वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी. त्यांनी झाडलेल्या गावांची राष्ट्रीय उत्पन्नातली नोंद शून्य: पगार नाही, विक्री नाही. त्यांनी उभ्या केलेल्या धर्मशाळा मात्र बांधकाम म्हणून हिशेबात बसतात. बाबांना हा हिशेब कीर्तनाला पुरला असता.

उताऱ्याची गोम आता शेतकऱ्याच्या खिशालाही लागते. 2025 च्या खरिपापासून राज्यात पीकविम्याची भरपाई कापणी प्रयोगाच्या उताऱ्यावर. पूर्वी वावरात गारपीट झाली की 72 तासांत कळवता येई. आता महसूल मंडळातल्या मोजक्या तुकड्यांची सरासरी बोलते. गारा एकट्याच्याच धुऱ्याच्या आत पडल्या, तर त्या सरासरीला त्याचा पत्ताही लागत नाही.