पूर्णगडाचे भूशिर : समुद्राकडे पाठ करून

रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेस गेले की सुमारे २५ किलोमीटरांवर पूर्णगड लागतो. मुचकुंदी नदी सागराला मिळते, तेथील उत्तर काठाचे हे भूशिर. दुर्ग लहान, अर्ध्या तासात पाहून होतो. बहुतेक जण समुद्र पाहतात, छायाचित्र काढतात आणि परततात.

किल्ला समजून घ्यायचा तर मात्र समुद्राकडे पाठ करून खाडीकडे पाहावे.

हे पाणी लांजा तालुक्यातून येते. विशाळगडाजवळच्या माचाळच्या डोंगरात मुचकुंदी उगम पावते. कालयवनाला भस्म करणाऱ्या मुचकुंदाची गुहा तेथेच दाखवतात. खालच्या खोऱ्यात प्रभानवल्ली. आज ते आडवाटेचे गाव, पण शिवकाळातील ‘सुभा प्रभावळी’ या नावात त्याचीच ओळख आहे. आणखी खाली साटवली. पूर्णगडाच्या मुखातून आत शिरलेली गलबते भरतीच्या पाण्यावर या बाजूला येत, माल उतरे आणि बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्याची वाट धरी. साटवलीची गढी त्या वाहतुकीची साक्षीदार.

भूशिरावरचा दुर्ग हा या जलमार्गाचा उंबरठा होता. शिवरायांनी बांधलेला अखेरचा, म्हणून ‘पूर्ण’ गड, ही व्युत्पत्ती गोड खरी. पण बांधणीचे श्रेय कान्होजी आंग्र्यांनाही दिले जाते, आणि नावावरून इतिहास रचणे नेहमीच धोक्याचे. दुर्गाची जागा त्याच्या नावापेक्षा अधिक सांगते.

घाट आणि समुद्र यांचे नाते तर दुर्गाहूनही जुने. खाडीवरचा पूल ओलांडून गावखडी मागे टाकली की पुढे कशेळी येते. तेथील कनकादित्य मंदिरात शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ मधील ताम्रपट जपला आहे. पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या राजाने समुद्राकाठचे हे गाव बारा ब्राह्मणांच्या नित्य भोजनासाठी दान दिले. सह्याद्री त्याला आडवा आला नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पूर्णगडही इंग्रजांकडे गेला. पुढे रस्ते वाढले, तशी खाडीची वाहतूक ओसरली. लांज्यातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग दक्षिणोत्तर धावतो, नदीची जुनी वाट पूर्व-पश्चिम. महामार्गावरच्या प्रवाशाला मुचकुंदी भेटते ती पुलाच्या लांबीएवढीच.

म्हणून जमल्यास हा प्रवास उलट करावा. माचाळहून निघावे, प्रभानवल्ली आणि साटवली पाहावी, आणि भूशिरावर शेवटी पोहोचावे, जसा परतीचा माल पोहोचत असे.